पत्र वाचता न आलेला कवी

गरिबीविषयी आम्हा पांढरपेशा माणसांची एक मोठी गोड समजूत असते. कलावंत म्हटला की त्याचे बालपण हालअपेष्टांत गेलेले असावे, असे आम्हाला अगदी मनापासून वाटते. चरित्राच्या पहिल्या प्रकरणात आई लोकांची दळणे दळते, मुलगा रस्त्यावरच्या दिव्याखाली बसतो आणि शेवटच्या प्रकरणात त्याच्या खांद्यावर शाल पडते. मधली प्रकरणे आम्ही चाळतो. मग पुस्तक मिटून ‘सोने आगीतूनच तावून निघते हो!’ असा उद्गार काढतो आणि फराळाच्या ताटातली चकली उचलतो. आगीत पडलेल्या सोन्यापैकी परत हाती आले किती आणि राखेत गेले किती, याचा हिशेब मात्र कोणी मागत नाही.

दिवाळीच्या निमित्ताने घरातली अडगळ आपण काढतोच. तेव्हा ही समजूतही एकदा उन्हात टाकून पाहू. त्यासाठी ज्यांची आठवण काढायची ते वामनदादा कर्डक. वाचकांपैकी काहींच्या घरी या माणसाची गाणी पाळण्याबरोबर आलेली असतील. काहींनी हे नावही धड ऐकले नसेल. एकच भाषा, एकच शहर, कित्येकदा एकच रस्ता. पण त्याच्या दोन अंगांना अशी दोन प्रकारची घरे असतात. आपल्या वाङ्मयाच्या इतिहासातली ही मोठी गंमत आहे, आणि ती फारशी हसण्यासारखी नाही.

वामन तबाजी कर्डक यांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ रोजी नाशिक जिल्ह्यातल्या देशवंडी या गावी झाला. तालुका सिन्नर. नाशिकच्या पश्चिमेला पाऊस धो धो कोसळतो. इकडे पूर्वेला येईपर्यंत त्याचे हात रिकामे झालेले असतात. अशा कोरड्या मुलखात, तेही महार समाजातल्या घरी, मुलाच्या वाट्याला यायचे तेच वामनच्या वाट्याला आले. गुरे राखायची, सरपणाच्या मोळ्या वाहायच्या, पडेल ते काम करायचे. पाटी-पेन्सिल हातात आली नाही. वय वाढले, अंगात बळ आले, गळ्यात सूर होता; अक्षर तेवढे नव्हते.

पुढे आईबरोबर मुंबई गाठली. त्या काळी खेड्यातून मुंबईला जाणे म्हणजे भूक एका गावाहून दुसऱ्या गावी नेणे. फरक इतकाच, की मुंबईत भुकेला भोंगा असतो आणि तो वेळेवर वाजतो. वामनरावांनी तिथे कोळशाच्या वखारीत काम केले, चिक्की विकली, टाटांच्या तेलाच्या कारखान्यात घाम गाळला. सिनेमाचेही वेड होते. स्टुडिओच्या दारात घोटाळून गर्दीतला एक चेहरा होण्यापर्यंत मजल गेली. शिवडीच्या बीडीडी चाळीतल्या दिवसांत समता सैनिक दलाशी संबंध आला. तरणाबांड गडी, लेझीम उत्तम खेळणारा, दहा माणसांत उठून दिसणारा.

आणि अशा गड्यापुढे एके दिवशी कोणीतरी एक पत्र धरले व म्हटले, ‘हे जरा वाचून दाखवा.’

वाचकहो, पत्र म्हणजे काय ते आजच्या मुलांना समजावून सांगावे लागेल. पण त्या काळच्या चाळीत गावाकडून आलेले पत्र ही सगळ्या खोलीची मालमत्ता असे. पेरणी झाली की नाही, म्हातारी कशी आहे, पोर रांगायला लागले का, हे सारे त्या चतकोर कागदात बंद. वाचणारा भेटेपर्यंत मुलगा जन्मला की बाप गेला हेदेखील कळायचे नाही. वामनरावांनी कागद पाहिला. त्यांना एक अक्षरही वाचता येईना. ही गोष्ट त्यांच्या मनाला फार लागली. विशीच्या घरातल्या या माणसाने मग देहलवी नावाच्या शिक्षकांकडे मुळाक्षरांपासून सुरुवात केली. दुकानांच्या पाट्या वाचत वाचत त्यांनी जोडाक्षरे पक्की केली, असे सांगतात. मुंबईचा रस्ता हेच त्यांचे बालवाचन.

१९४३ हे त्यांच्या आयुष्यातले मोठे वर्ष. त्या वर्षी नायगावला त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना प्रथम पाहिले, आणि त्याच वर्षीच्या ३ मे रोजी पहिले गाणे रचले. गाणे कसले, तर एका हिंदी गाण्याच्या चालीवर केलेले विडंबन. तिथून सुरू झालेली धार १५ मे २००४ या त्यांच्या मृत्युदिनापर्यंत आटली नाही. त्यांनी हजारो गीते रचली. लिहायचे स्वतः, चाल लावायची स्वतः, गायचे स्वतः आणि गावोगाव हिंडायचेही स्वतःच.

आता आपल्या गोड समजुतीकडे वळू. हालअपेष्टांनी वामनदादांना गाणे दिले काय? मला तसे वाटत नाही. गाणे त्यांच्या अवतीभवती आधीपासून होते. जात्यावर होते, तमाशाच्या फडात होते, भजनात होते. हालांनी जे केले ते निराळेच. हालांनी त्यांच्यापासून अक्षर वीस वर्षे दूर ठेवले. आणि या एका उणिवेची खूण त्यांच्या गाण्याच्या घडणीवर उमटली आहे.

घडण म्हणजे काय ते थोडे उलगडून सांगतो. आम्ही मास्तर मंडळी कविता फळ्यावर लिहून शिकवतो. कागदावरच्या कवितेला एक मोठी सोय असते: वाचणाऱ्याला कळले नाही तर तो मागे फिरून पुन्हा वाचू शकतो. कानासाठी रचलेल्या गाण्याला ही सोय नाही. ओळ एकदाच जाणार, वाऱ्यावरून जाणार. पोर रडत असेल, कुत्रे भुंकत असेल, त्यातून ती ऐकणाऱ्याच्या मनात जाऊन बसली पाहिजे. म्हणून ओळ आखूड हवी. शब्द रोजच्या तोंडातला हवा. ध्रुवपद असे हवे, की दुसऱ्या खेपेला सगळा मांडव म्हणू लागेल. यमक हे तिथे दागिना म्हणून येत नाही. ते खुंटी म्हणून येते, विसरणाऱ्याने हात घालावा आणि पुढची ओळ सापडावी म्हणून. वामनदादांची गाणी अशी बांधलेली आहेत. ज्याला स्वतःला वीस वर्षे सारे काही लक्षातच ठेवावे लागले, त्याला लक्षात राहण्याचे गणित कोणी शिकवावे लागत नाही.

चालीचेही तसेच. सिनेमाच्या चाली उचलल्या म्हणून रसिक लोक नाके मुरडतात. पण विचार करा. ज्याच्यापाशी तालमीला जागा नाही, वादक ठेवायला पैसा नाही, ज्याचे श्रोते दिवसभर राबून आलेले आहेत, त्याने नवी चाल बसवण्यात रात्र घालवावी की लोकांच्या ओठांवर असलेल्या चालीत नवा अर्थ भरावा? चाल लोकांना आधीच येत असते. शब्द तेवढे नवे शिकायचे. एका ढोलकीवर आणि एका पेटीवर काम भागते. हे आमच्या संतांनी आणि शाहिरांनीही केले आहे. भारुडात जोगवा आणि गोंधळ आला तो अशाच वाटेने.

ही वाट वामनदादांच्या आधीपासून मळलेलीही होती. सत्यशोधकांनी तमाशाचा साचा घेऊन त्यातून जलसा घडवला. आंबेडकरी जलशांनी त्यात आपला प्राण ओतला. नाशिककडच्याच भीमराव कर्डकांचा जलसा १९३० नंतरच्या काळात गाजला. आपल्या दहा सभा आणि भीमरावांचा एक जलसा सारखाच, असे बाबासाहेब म्हणाल्याचे सांगतात. बाबासाहेबांसारखा ग्रंथांत बुडालेला माणूस गाण्याला हे माप देतो, याचे कारण उघड आहे. त्यांच्या ग्रंथांपर्यंत पोहोचायला अक्षर लागत होते, आणि ज्यांच्यासाठी ते ग्रंथ होते त्यांतल्या बहुतेकांपाशी ते नव्हते. मधला पूल गाण्याचा होता. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धर्मांतर झाले आणि अवघ्या दोन महिन्यांच्या आत, ६ डिसेंबरला, बाबासाहेब गेले. त्यानंतर मागे राहिलेल्या लाखो माणसांना धीर कोणी दिला, असे मला कोणी विचारले तर पुढाऱ्यांच्या आधी मी या गायकांची नावे घेईन.

कोणी म्हणेल, मास्तर, हे सारे ठीक. पण कानाच्या विद्येचा एवढा बडेजाव कशाला? त्याचे कारण मी जिथे शिकवतो त्या गावात आहे. तोरण्याच्या पायथ्याचे वेल्हे हे काही साहित्यिकांचे माहेरघर नव्हे. चार महिने झोडपणारा पाऊस, उतारावरची भात-नाचणीची खाचरे, आणि पाऊस सरला की पुण्या-मुंबईकडे तोंड करणारी माणसे. पानशेतचे धरण याच तालुक्यातले. पुणेकर वाचकांच्या घागरीत आमच्या डोंगरांचे पाणी रोज येत असते. इथल्या वाड्यांवरून जी मुले-मुली वर्गात येतात त्यांतल्या अनेकांच्या घरी त्यांच्या आधी कोणी पुस्तक उघडलेले नसते. त्यांना वृत्त शिकवायला घेतले की चेहरे कोरे होतात. लघू-गुरूच्या खुणा पाहून एखादीला जांभई येते. पण त्याच मुलीला म्हणावे, ‘आजी जात्यावर काय म्हणायची ते सांग पाहू,’ की ती मान खाली घालते, थोडी लाजते, आणि मग एकामागून एक ओव्या अशा काही येऊ लागतात की तासाची घंटा नकोशी वाटते. मात्रा चुकत नाही, यमक हुकत नाही.

या ओव्यांचे मोल ओळखणारी माणसे सुदैवाने भेटली. पुण्याच्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे पण पुण्याचेच होऊन राहिलेले गी पॉइतवाँ यांनी १९८० नंतरच्या काळात मुळशीच्या डोंगराळ भागापासून आरंभ करून बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. बघता बघता संग्रह एक लाखाच्या वर गेला. एक लाख ओव्या! आणि त्या रचणाऱ्या-सांगणाऱ्या हजारो बायकांत सही करता येणाऱ्या किती, हे सांगायला नको. पहाटे तीनला उठून दळण दळताना झोप येऊ नये, हात थांबू नये आणि मनातले कुणाला तरी सांगता यावे, म्हणून ही कविता. कष्टाने ती जन्माला घातली असे म्हणू नका. कष्टाने तिला मारून टाकले नाही, एवढेच म्हणा. तेही पुष्कळ आहे.

इथे मला आमच्या सर्वांच्या लाडक्या बहिणाबाई चौधरींची आठवण होते. खानदेशातल्या असोद्याची ही शेतकरीण अक्षरशून्य होती. तिची गाणी तिच्या मुलाने, सोपानदेवांनी, लिहून ठेवली. सोपानदेव स्वतः कवी. बहिणाबाई १९५१ साली गेल्या आणि १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या आग्रहाने ती गाणी छापली गेली. लगेच महाराष्ट्राने त्यांना डोक्यावर घेतले, आणि ते योग्यच झाले. पण क्षणभर असे समजा, की सोपानदेवांना कवितेचा नाद नव्हता, किंवा अत्र्यांना ते हस्तलिखित दाखवायचे राहून गेले. मग? मग बहिणाबाई ही एक चांगली गाणारी म्हातारी होती, एवढे गावात चार माणसे चार वर्षे म्हणाली असती आणि पुढे तेही कोणी म्हणाले नसते. अक्षर नसलेल्याची कविता टिकायला अक्षरवाला मध्ये लागतो. बहिणाबाईंना लेक मिळाला. मावळच्या बायांना राईरकरबाई भेटल्या. वामनदादांना कोणी मिळाले नाही, म्हणून विशीत पाटी घेऊन ते आपले आपणच सोपानदेव झाले.

ही गोष्ट केवळ आपल्याकडची नव्हे. सातासमुद्रापलीकडे अमेरिकेत खेड्यापाड्यांतल्या संगीताला फार मान आहे. तिथली एक प्रख्यात गायिका डॉली पार्टन १९४६ साली टेनेसी राज्यातल्या डोंगरी भागात जन्मली. बारा भावंडांतली ती चौथी. ती जन्मली तेव्हा डॉक्टरची फी म्हणून बापाने मक्याच्या पिठाचे पोते दिले, ही हकीकत ती स्वतःच सांगत आली आहे. आईने चिंध्या जोडून शिवलेल्या कोटावर तिने केलेले गाणे १९७१ साली निघाले आणि घराघरांत गेले. तिचे वडील हुशार, कष्टाळू. पण त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. पैसा आणि कीर्ती आल्यावर या बाईने काय करावे? तिने १९९५ साली आपल्या जिल्ह्यातल्या लहान मुलांना दर महिन्याला घरपोच एक पुस्तक फुकट पाठवायला आरंभ केला. पुढे ती योजना अनेक देशांत पसरली आणि वाटलेल्या पुस्तकांची संख्या वीस कोटींच्या वर गेली. बापाला जे मिळाले नाही ते दुसऱ्यांच्या पोरांना मिळावे, एवढीच त्यामागची बुद्धी.

ही बाई गरिबीवर गाणी गाते, पण गरिबी टिकावी असे तिने कधी म्हटले नाही. वामनदादांचेही तेच. त्यांच्या शेकडो गाण्यांचे मर्म सांगायचे तर ते एवढेच, की शिका, ताठ उभे राहा, मागे फिरू नका. आपल्याला वाचता न आलेले ते पत्र त्यांनी जन्मभर विसरले नाही, आणि दुसऱ्या कोणा पोरावर तशी वेळ येऊ नये म्हणून ते गावोगाव गात हिंडले. एस्टीने, बैलगाडीने, वेळेला पायी. ज्या घरात पुस्तक नव्हते त्या घरात त्यांचे गाणे गेले, आणि त्या गाण्यामागून काही वर्षांनी पुस्तक गेले. आज ज्या घरांतून वकील, डॉक्टर, प्राध्यापक निघाले आहेत, त्यांतल्या कितीतरी घरांतल्या थोरांना विचारा: पहिला धडा कोणता? ते गाण्याचे नाव सांगतील.

वारसा म्हणतात तो हा. तो आम्हाला दिसायला उशीर झाला, कारण आम्ही तो ग्रंथालयात शोधत होतो. तसा तो तिथेही होता. १९७३ साली ‘वाटचाल’ हा त्यांचा संग्रह निघाला, पुढे आत्मचरित्रही आले, आणि १९९३ साली वर्धा येथे भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय आंबेडकरी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. पण ते खरे नांदले ते लोकांच्या गळ्यात. त्यांची गाणी किती गायकांनी गायिली, किती कॅसेटींवर चढली, किती मंडपांत रचणाऱ्याचे नावही न घेता म्हटली गेली, याची मोजदाद नाही. त्यावर दादांनी एक जुना उपाय योजला होता. तुकोबा अभंगाच्या शेवटी ‘तुका म्हणे’ म्हणतात, तसे गाण्याच्या अखेरीस हे आपले ‘वामन’ हे नाव ओवून ठेवीत. गाणे चोरणाऱ्यालाही शेवटी मालकाचे नाव घ्यावेच लागावे, अशी ती तजवीज!

आता समजुतीचा निकाल लावू. हालअपेष्टांच्या बालपणातून मोठी कला येते, हे वाक्य अर्धेच आहे. वामनदादांना सातव्या वर्षी शाळा मिळाली असती तर ते मोठे गायक झाले नसते, असे कशावरून? कदाचित त्यांचे गाणे निराळे झाले असते. कदाचित आणखी हजार गाणी झाली असती. आणि देशवंडीच्या आसपास, वेल्ह्याच्या वाड्यांवर, दर गावात त्यांच्यासारखाच गळा घेऊन जन्मलेली जी मुले मोळीखालीच वाकून गेली, ज्यांना पत्र वाचता आले नाही आणि देहलवी मास्तरही भेटले नाहीत, त्यांची चरित्रे कोणी लिहिलेली नाहीत. एका वामनदादांकडे बोट दाखवून ‘बघा, गरिबीतूनही माणूस वर येतो’ असे म्हणताना आपण या बाकीच्यांच्या पाठीवर पाय ठेवून उभे असतो, हे ध्यानात असू द्यावे. ‘तूनही’ मधला तो ‘ही’ फार महाग पडलेला आहे.

म्हणून वर्गातली एखादी मुलगी वृत्ताच्या तासाला चाचपडू लागली, तर तिला मठ्ठ म्हणण्याआधी तिला काय पाठ आहे ते विचारावे, असे मला वाटते. आणि तिला काय पाठ आहे ते ऐकल्यावर, ‘वा! गरिबाघरची पण काय हुशार!’ असे म्हणून मोकळे होऊ नये. तिची एस्टी वेळेवर येते का, पावसाळ्यात ओढा ओलांडता येतो का, बारावीनंतर घरचे तिला शिकू देणार का, हेही विचारावे. गाण्याचे कौतुक स्वस्त असते. एस्टीची सोय करणे अवघड जाते.

वाचकांनी या सुट्टीत एवढे करावे. फराळ झाला, फटाके झाले, पाहुणे गेले, की वामनदादांचे एखादे गाणे लावावे. मिळायला ते अवघड नाही. शेजारच्या गल्लीत विचारले तरी चालेल. तिथे ते कुणाला तरी नक्की येत असेल, आणि ज्याला येते त्याला ते म्हणून दाखवायला आवडेल. शेवटच्या कडव्यापर्यंत ऐका. तिथे त्यांचे नाव येईल.